तुटीवरची सही

नाशिकरोडचा माणूस पाहुणा म्हणून कुठेही गेला, की पहिल्या चहाबरोबर एक विनोद ठरलेला असायचा. "तुमचं काय बुवा, गावातच नोटा छापतात! येताना दोन बंडलं आणायची की." पुण्याला, जळगावला, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, सगळीकडे तोच विनोद, आणि सांगणाऱ्याला तो जणू आत्ताच सुचलेला. आम्ही हसायचो. शाळकरी वयात मात्र हाच प्रश्न आम्ही नेहरूनगरच्या प्रेस क्वार्टर्समधल्या शेजारच्या काकांना अगदी गंभीरपणे विचारला होता. सरकारला पैसा पुरत नाही म्हणतात, मग इथे चार नोटा जास्त का छापत नाहीत? काका सायकलला कुलूप लावत म्हणाले, "छापतात की. म्हणून तर गोडंतेल महागलं."

काकांचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या कसोटीला पुरेपूर उतरलं नसतं. प्रेसमधून निघणाऱ्या नोटांचा बराचसा भाग जुन्या, मळक्या, फाटक्या नोटांच्या जागी जातो, आणि किती छापायच्या हे नाशिकरोडला ठरत नाही. पण त्या काळात सरकारची तूट आणि नव्या नोटा यांच्यात खरोखरच सरळ वाट होती. १९५५पासून रिझर्व्ह बँकेशी ठरलेल्या व्यवस्थेनुसार केंद्र सरकारच्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी रुपये शिल्लक असावेच लागत. त्याखाली शिल्लक उतरली की ‘ॲड हॉक’ ट्रेझरी बिलं आपोआप तयार व्हायची, बँक ती घ्यायची आणि सरकारच्या खात्यात पैसे जमा व्हायचे. संसदेला विचारणं नाही, बाजारात कर्ज मागणं नाही. तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही सोय ४२ वर्षं टिकली.

त्यामुळे दिल्लीच्या तुटीचं आमच्या गावाशी नातं होतं. १९२८ साली इथे करन्सी नोट प्रेस सुरू झाली, आधी पाच रुपयांची नोट आली, आणि १९३२पर्यंत देशातल्या सगळ्या किमतींच्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. शेजारच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं, पोस्टकार्डं, स्टॅम्पपेपर. पोस्टाचे दर तेव्हा केंद्राच्या अर्थसंकल्पात ठरत. म्हणजे अर्थमंत्र्याने फेब्रुवारीत पोस्टकार्ड महाग केलं की तो बदल आमच्या गावातल्या यंत्रावर चढायचा. पाळी सुटल्यावर सायकलींचा जो लोंढा जेलरोडकडे वळायचा, त्यातल्या प्रत्येकाला अर्थसंकल्पाबद्दल मत होतं. आणि ते मत नेहमी एका माणसाबद्दल असायचं. यंदाच्या अर्थमंत्र्याने बुडवलं, किंवा यंदाच्या अर्थमंत्र्याने तारलं.

अर्थसंकल्प तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीला, संध्याकाळी पाच वाजता मांडला जायचा. १९९९ साली यशवंत सिन्हांनी तो सकाळी अकरावर आणला आणि २०१७पासून तो १ फेब्रुवारीला आला. संध्याकाळच्या अर्थसंकल्पाची एक गंमत होती. रेडिओवरच्या बातम्यांत जेमतेम चार वाक्यं कळायची, बाकी सगळं दुसऱ्या दिवशीच्या ‘गावकरी’त. ‘काय महाग, काय स्वस्त’ ही चौकट आई आधी वाचायची, कराचे टप्पे वडील वाचायचे, आणि तुटीचा आकडा कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात वाचला जायचा. तिथे एक रुपयाही कर न भरणारी माणसं कोटींच्या तुटीवर तावातावाने बोलायची. आज अकरा वाजता फोनवर आकडे येऊ लागतात, साडेअकरापर्यंत त्यावर विनोद येतात आणि दुपारी जेवायच्या वेळेला विषय शिळा झालेला असतो. वित्तीय तूट, महसुली तूट, प्राथमिक तूट हे शब्द आता आठवीतल्या मुलालाही ठाऊक असतात. माहिती कितीतरी वाढली. पण जुनी सवय तशीच राहिली: तुटीखाली ज्याची सही दिसते, त्याचीच ती तूट मानायची.

या सवयीबद्दल मला पहिली शंका आली ती आजोबांच्या पेटीतल्या एका जुन्या नोटेमुळे. सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली सही चिंतामणराव देशमुखांची. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर मराठी माणूस, आणि त्याच्या सहीची नोट आपल्या गावात छापलेली, याचा आजोबांना फार अभिमान. त्या नोटांमागची गोष्ट मात्र अभिमानाची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून धान्य, कापड, सैन्य, सगळं उचललं आणि त्याबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगचे कागद जमा केले. त्या कागदांच्या आधारावर इथे रुपये काढले गेले. चलनातल्या नोटा युद्धाच्या काळात कित्येक पटींनी वाढल्या, भाव भडकले. देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले, तेव्हा बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. नोटेवर सही देशमुखांची, पण ती नोट काढायला लावणारा खर्च लंडनने ठरवलेला.

पुढे १९५० ते १९५६ देशमुख अर्थमंत्री होते. त्यांचा काळ शिस्तीचा म्हणून आपण आठवतो, आणि ते शिस्तीचे होतेच. पण नशिबानेही त्यांना हात दिला होता. कोरियातलं युद्ध पेटलं तसे ताग आणि कापसाचे भाव जगभर चढले आणि सरकारी तिजोरीत निर्यातकराची आवक वाढली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आखणी झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. ४८०० कोटींच्या त्या योजनेत १२०० कोटी रुपये तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करायचे असं ठरलं होतं. मग मुंबईचा प्रश्न पेटला, संयुक्त महाराष्ट्रासाठी देशमुखांनी राजीनामा दिला, आणि योजनेचं ओझं, परकीय चलनाची टंचाई, करवाढीचे शिव्याशाप हे सगळं टी. टी. कृष्णम्माचारींच्या वाट्याला आलं. देशमुख १९५६ ऐवजी १९५८ साली गेले असते, तर मराठी घरांत त्यांचं नाव इतक्याच आदराने घेतलं गेलं असतं का, असं मी एकदा वडिलांना विचारलं. वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. एवढंच.

नाशिककरांचा स्वतःचा अर्थमंत्री म्हणावा असा माणूस म्हणजे यशवंतराव चव्हाण. ते मूळचे कृष्णाकाठचे, पण चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा लोकसभेत जायला त्यांना नाशिकने जागा दिली. १९६३ची ती पोटनिवडणूक बिनविरोध झाली. तेव्हापासून यशवंतराव म्हणजे आपलेच, असा गावात भाव होता. जून १९७०मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि लगेच वर्षांनी जणू त्यांच्यावर धाड घातली.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित आले. आमच्या पिढीला ती गोष्ट एका तिकिटावरून आठवते. ‘रेफ्युजी रिलीफ’ लिहिलेलं पाच पैशांचं जादा तिकीट पत्रावर लावावं लागायचं, आणि ते छापलं जायचं आमच्याच गावात. डिसेंबरात युद्ध झालं, जिंकलंही. युद्धाचं बिल यायच्या आत १९७२चा पावसाळा कोरडा गेला. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या नाशिकच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत माणसं खडी फोडायला बसली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकरी थापताना बायका जे बोलायच्या ते छापता येणार नाही. मुलांना सुकडी मिळायची. १९७३च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. घाऊक भावांची वाढ १९७३-७४ मध्ये २० टक्के आणि १९७४-७५ मध्ये २५ टक्के.

या सगळ्याच्या मधोमध, २८ फेब्रुवारी १९७३ रोजी यशवंतरावांनी मांडलेला अर्थसंकल्प ‘काळं बजेट’ या नावाने इतिहासात गेला. ५५० कोटींच्या तुटीचा आकडा त्याला कायमचा चिकटला. करांचे दर तर आज सांगितले तर खोटे वाटतील. सगळ्यात वरच्या टप्प्यावर अधिभारासकट ९७.७५ टक्के. केशकर्तनालयात त्या दिवशी यशवंतरावांना आपलं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पुढे जुलै १९७४मध्ये सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग आणि पगारवाढीची सगळी रक्कम सक्तीच्या ठेवीत अडकवली. प्रेसमधल्या काकांच्या घरी त्या महिन्यात शिवणयंत्र घ्यायचं ठरलं होतं. ते राहून गेलं.

ऑक्टोबर १९७४मध्ये यशवंतराव परराष्ट्र खात्यात गेले आणि सी. सुब्रमण्यम अर्थमंत्री झाले. सक्तीची ठेव आपलं काम करू लागली होती. १९७५चा पाऊस उत्तम झाला. १९७५-७६ मध्ये घाऊक भाव वाढायचे सोडून चक्क एक टक्क्याने उतरले. त्याचं श्रेय कोणी आणीबाणीला दिलं, कोणी सुब्रमण्यमना. कडू औषध पाजणाऱ्याच्या नावावर शिव्या जमा झाल्या आणि ताप उतरला तेव्हा उशाशी बसलेल्याच्या नावावर आशीर्वाद. यशवंतरावांच्या चुका नव्हत्या असं नाही. गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने ताब्यात घेण्याचा त्या सरकारचा १९७३चा प्रयोग फसला आणि महागाईत त्याची भर पडली. पण पाऊस, निर्वासित आणि अरबांचं तेल ही तीन प्रकरणं एकट्या माणसाच्या खात्यात लिहिणं म्हणजे हिशेब चुकवणं.

तिजोरी राखणाऱ्याला न्याय द्यायची एक फार जुनी रीत नाशिक जिल्ह्याजवळ आहे. गोदाकाठी ज्या पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते, ते देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या नावाचं आहे. यशवंत महादेव भोसेकर हे सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून १ लाख २७ हजार रुपये भुकेल्यांना वाटले, असं सांगतात. वरचे अधिकारी तपासणीला आले, पेट्या उघडल्या, तर पै न् पै जागच्या जागी. लोकांनी मामलेदाराला देव केलं. १८८७ साली त्यांचं नाशिकात निधन झालं. १९२२ साली सुरू झालेल्या त्या व्याख्यानमालेत अर्थसंकल्पावरची भाषणं मी त्यांच्याच पटांगणावर सतरंजीवर बसून ऐकली. तेव्हा गोष्टीतला चमत्कारच मोठा वाटायचा. आता वाटतं, चमत्कार लोकांनी जोडला तो मामलेदाराला वाचवायला. खजिना रिकामा झाला, कारण वर्षच तसं होतं, हे तपासणीच्या वहीत लिहायची सोय नव्हती. मग लोकांनी ती तूट देवाच्या नावावर टाकली. नंतरच्या खजिनदारांना कोणी अशी सवलत दिली नाही. सुब्रमण्यमना ती पावसाने दिली.

मधू दंडवत्यांना पावसानेही दिली नाही, काळानेही नाही. नगरला जन्मलेला, पदार्थविज्ञान शिकवलेला, कोकणातून निवडून येणारा हा माणूस डिसेंबर १९८९मध्ये अर्थमंत्री झाला. सरकार अल्पमतातलं, एका बाजूने भाजपचा टेकू आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा. ऐंशीच्या दशकभर वाढत गेलेली कर्जं दाराशी येऊन थांबलेली. शेतकऱ्यांचं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ करायचं आश्वासन निवडणुकीत दिलेलं. मार्च १९९०मध्ये अर्थसंकल्प मांडला आणि ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं. तेल भडकलं, आखातातून लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं, तिकडून येणारे पैसे आटले. नोव्हेंबरात सरकारच पडलं. १९९०-९१ची केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास आठ टक्क्यांवर गेली. तो आकडा दंडवत्यांच्या नावावर आहे. त्यांच्या हातात त्या वर्षातले सात-आठच महिने होते.

दंडवत्यांची एक गोष्ट नाशिकच्या सराफ बाजाराने लक्षात ठेवली. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांच्या कारकिर्दीत रद्द झाला, जाडजूड नोंदवह्यांतून सराफ सुटले. आणि पुढच्याच वर्षी देशाला स्वतःचं सोनं गहाण टाकावं लागलं. १९९१च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं विमानाने परदेशी गेलं, २४ तारखेला मनमोहनसिंगांनी तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला, आणि त्याच सुमारास आमच्याकडे सिंहस्थाची गर्दी लोटली होती. रामकुंडावर लाखो लोक बुडी मारत होते आणि देश दिवाळखोरीच्या काठावरून मागे सरकत होता. घाटावरच्या गर्दीला त्याचा पत्ता नव्हता.

मनमोहनसिंगांनाच आपण १९९१चा नायक मानतो, ते रास्तही आहे. पण संकट इतकं उघडं पडलं होतं म्हणूनच त्यांना ते करता आलं. तेच उपाय १९८९ साली कोणी सुचवले असते तर सभागृहाने त्याला बसू दिलं नसतं.

नोटांची ती जुनी वाट मनमोहनसिंगांच्याच काळात बंद व्हायला लागली. सप्टेंबर १९९४मध्ये सरकार आणि सी. रंगराजन यांच्या रिझर्व्ह बँकेत करार झाला आणि १ एप्रिल १९९७पासून ॲड हॉक बिलं थांबली. २००३ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा आला. २००६पासून सरकारचे नवे रोखे बँकेने थेट घेणंही बंद झालं. काकांचं उत्तर आता कालबाह्य झालं. काकाही तेव्हा निवृत्त झाले होते. आता तूट म्हणजे रोख्यांचा लिलाव. ते रोखे बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी घेतात. पूर्वी तूट किराणावाल्याकडे दिसायची. आता ती आपल्याच ठेवींच्या आणि विम्याच्या मागे बसलेली असते, म्हणून कमी बोचते.

तुटीचा आकडा मोजायची रीतही बदलली. १९७३च्या व्याख्येत बाजारातून घेतलेलं कर्ज जमेच्या बाजूला धरत. त्यानंतरही जे कमी पडे ती तूट. आज सगळी उसनवारी तुटीतच मोजतात. त्यामुळे २०२५-२६च्या अर्थसंकल्पातली १५ लाख ६९ हजार कोटींची तूट यशवंतरावांच्या ५५० कोटींशेजारी मांडून कोणी फोनवर पाठवतं, तेव्हा त्या तुलनेला काही अर्थ नसतो. टक्केवारी पाहिली तरी काळ पाहावाच लागतो.

२००७-०८ मध्ये केंद्राची तूट अडीच टक्क्यांवर आली होती. त्या वर्षांत जगभर तेजी होती, कर भरभरून येत होता. २९ फेब्रुवारी २००८ रोजी पी. चिदंबरम यांनी पुढच्या वर्षीही अडीच टक्क्यांचं लक्ष्य सांगितलं आणि त्याच भाषणात शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी, त्यावर पंचवीस टक्के सूट. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांत त्यावरून महिनाभर वाद चालले. मग सहावा वेतन आयोग, तेलाची उसळी, सप्टेंबरात अमेरिकेतली बँक बुडणं आणि समोर २००९ची निवडणूक. तूट सहा टक्क्यांवर गेली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर चिदंबरम गृहखात्यात गेले, आणि वाढलेल्या तुटीचा हिशेब संसदेत मांडावा लागला प्रणव मुखर्जींना.

अरुण जेटलींच्या वाट्याला नेमकं उलटं आलं. २०१४च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६मध्ये तिशीखाली घसरलं. सरकारने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं तरी पंपावर कोणी फारसं ओरडलं नाही. तूट कमी झाली. आणि निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये साडेतीन टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा टाळेबंदी दोन महिन्यांवर आली होती. मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून चालत जाणारे मजुरांचे तांडे आम्ही पाहिले. त्या वर्षीची तूट ९.२ टक्के. १९९०-९१पेक्षा मोठा आकडा, तरी त्याला कोणी काळं बजेट म्हटलं नाही. कारण दुखणं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची तुटीवरून क्रमवारी लावायची हौस आहे. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि नवा अध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो, म्हणजे पहिले आठ महिने तो आधीच्याच्या अंदाजपत्रकावर चालतो. २००९ सालची १.४ लाख कोटी डॉलरची तूट ओबामांच्या नावावर सांगतात. पण ओबामांच्या शपथेआधीच तिथल्या संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने १.२ लाख कोटींचा अंदाज सांगून ठेवला होता. थोरल्या बुशनी नवे कर लावणार नाही असं वचन दिलं होतं, १९९०मध्ये ते मोडलं, १९९२मध्ये ते हरले. पुढे शीतयुद्ध संपल्याने संरक्षणखर्च उतरला, शेअर बाजार चढला, क्लिंटन यांनीही कर वाढवले, तिथल्या संसदेतल्या विरोधकांनी खर्चाला लगाम घातला, आणि १९९८पासून सलग चार वर्षं शिल्लक पडली. नाव झालं क्लिंटन यांचं. बुश आणि यशवंतराव भेटले असते तर त्यांना बोलायला विषय होता.

तर मग तिजोरीवाल्याचा काहीच दोष नाही, सगळा वर्षाचा खेळ, असं म्हणायचं का? नाशिकचा माणूस तसं म्हणणार नाही, कारण खर्चाचे दोन प्रकार त्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. दुष्काळाचा खर्च सांगून येत नाही. सिंहस्थाचा खर्च बारा वर्षं आधी पंचांगात लिहिलेला असतो. १९९१, २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. तरीही शेवटच्या वर्षात रस्ते खणले जातात, हे वेगळं. अर्थमंत्र्याच्या वाट्यालाही हेच दोन खर्च येतात. युद्ध, अवर्षण, तेल, साथ हा त्याचा दुष्काळ. निवडणूक हा त्याचा सिंहस्थ. दर पाच वर्षांनी येणार हे आधीच ठाऊक.

महाराष्ट्राची तूट या कसोटीवर पाहिली की ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक कळतो. १९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, वसंतराव नाईकांचं सरकार. ती कायम चालवायची ठरली तेव्हा १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची. नवा खर्च आला, त्याच्याबरोबर नवा कर आला, आणि कर लावणाऱ्याने मतदाराच्या तोंडावर तो लावला. वडील त्या करावर चिडायचे, पण पैसे सिन्नरच्या खडीवर जाणार आहेत हे त्यांना माहीत होतं. माझ्या मुलीच्या पगारातून आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात. का, ते तिला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

ऑगस्ट २०२४पासून राज्यातल्या कोट्यवधी बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जाऊ लागले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंनी त्या पैशातून मुलाची क्लासची फी भरली, त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. मुद्दा वेगळा आहे. तेव्हा पाऊस बरा होता, युद्ध नव्हतं, आणि खर्चाबरोबर नवा कर आला नाही. १० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३४ कोटी होती. राज्याच्या उत्पन्नाच्या हिशेबात ती तीन टक्क्यांच्या आत बसते, हेही खरं. पण अर्थमंत्र्याचे हात आता पूर्वीपेक्षा बांधलेले आहेत. विल्होळीचा जकात नाका गेला, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, विक्रीकर जीएसटीत विरला. राज्याला नवा कर लावायला जागाच थोडी उरली. म्हणून चांगल्या वर्षातही कर्जच काढावं लागतं.

केंद्राचंही एक नशीब सध्या चांगलं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४मध्ये २ लाख ११ हजार कोटी आणि २०२५मध्ये २ लाख ६९ हजार कोटी रुपये लाभांश म्हणून दिले. डॉलर विकून झालेला नफा, परदेशी रोख्यांवरचं व्याज असं त्यात बरंच काही आहे. तूट उतरल्याचं श्रेय घेताना भाषणात हा हात हळूच लपवला जातो, जसा १९७५ साली पाऊस लपवला गेला. उद्या हा लाभांश आटला आणि त्या वर्षी दुसरंच कोणी अर्थमंत्री असलं, तर वाढलेली तूट त्याच्या कपाळी लिहिली जाईल.

म्हणून आता अर्थसंकल्पाच्या दिवशी मी तुटीचा आकडा शेवटी वाचतो. आधी पाहतो की वर्ष कसं होतं. पाऊस, तेल, सीमा, निवडणूक. दुष्काळाच्या वर्षी तूट वाढली तर अर्थमंत्र्याला माफ करायला मी तयार असतो, उलट त्या वर्षी हात आखडला असेल तर विचारतो की माणसं खडी फोडायला गेली तेव्हा तू कुठे होतास. बऱ्या वर्षी मात्र मी कडक होतो. कर चांगला आला, तेल स्वस्त होतं, लाभांश मिळाला, तेव्हा किती कर्ज फेडलंस? नवा खर्च काढलास, तर त्याचा कर कोणावर लावलास, आणि ते त्याला सांगितलंस का? यशवंतरावांच्या १९७३च्या तुटीला या प्रश्नांपुढे उत्तर आहे. २००८च्या फेब्रुवारीतल्या भाषणाला ते अर्धंच आहे. २०२४च्या घोषणांना ते अजून द्यायचं आहे.